वाचनालयात कापलेली बाही

कटिंगबाईंनी लॅपटॉप वाचनालयात आणला तो कापडी खोळीत घालून. खोळ त्यांनीच शिवलेली. आतून मऊ अस्तर, बाहेरून जाड सुती कापड, आणि कडेला चार्जरसाठी वेगळा कप्पा. लेकीने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना आईच्या गळ्यात टाकला होता, आणि गळ्यात पडलेलं नीट सांभाळायचं हा त्यांचा स्वभाव.

कटिंगबाई हे नाव कारखान्यातलं. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांची अर्धी हयात कापायच्या टेबलापाशी उभं राहण्यात गेली. पुढे कारखाना बंद पडला, मशिनं विकली गेली, बायका पांगल्या, नाव तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. घरी काय, तर कुणाची चेन बदलून दे, कुणाच्या पँटची उंची कमी कर. कामाला त्या कधी नाक मुरडत नसत. पण पहाटे देवापुढे डोळे मिटून बसल्या की नाम बाजूला राहायचं आणि डोळ्यांपुढे टेबलावर अंथरलेलं अखंड कापड यायचं. मग त्या देवाची क्षमा मागायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

अशात गावातल्या बायकांच्या शिक्षणकेंद्राला कपडे कापायला शिकवणारी बाई हवी असल्याचं कळलं. अर्जाबरोबर स्वतः शिकवतानाचा व्हिडिओ त्यांच्या वेबसाइटवर चढवायचा होता. लेक सुट्टीला आली तेव्हा तिने फोनवर व्हिडिओ काढून दिला, लॅपटॉपमध्ये ठेवला आणि फोन भरला म्हणून फोनमधला पुसून टाकला. "आई, घरी इंटरनेट नाही, तर वाचनालयात जा. तिथे आपला लॅपटॉप घेऊन बसता येतं. फाईल निवडायची, पाठव म्हणायचं, झालं," असं सांगून ती आपल्या नोकरीच्या गावी गेली. पण आधी कटिंगबाईंना ताप आला, मग घरात पाहुणे आले, आणि आज करू उद्या करू म्हणता म्हणता शेवटचा दिवस उजाडला.

बरोबर थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, पण व्हिडिओत सुरुवातीला प्रस्तावना त्यांनी केली होती, तेव्हा व्हिडिओ निघाला की आपणही निघायचं, असा त्यांचा साधा हिशोब.

"प्रस्तावना लांबली का गं जराशी?" जिना चढताना त्यांनी विचारलं.

"छान झालीय हो."

"छान झालीय ते मला माहीत आहे. लांबली का, ते विचारतेय."

कटिंगबाई नुसत्या हसल्या. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता आणि खरं बोलण्याची ही जागा नव्हती.

ग्रंथपालबाई काउंटरमागे पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. चष्मा कपाळावर, पेन कानामागे. त्यांनी नेटवर्कचं नाव सांगितलं, पण कटिंगबाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला तशा त्या दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"हात नाही लावणार मी. इथला नियम आहे. ज्याचं मशीन, त्याने चालवायचं. मागे एकांचा लॅपटॉप सुरू करून दिला, तो दुसऱ्या दिवशी बिघडला, आणि बिल माझ्या नावावर फाडलं. तेव्हापासून मी सांगते, तुम्ही करा."

"म्हणजे पोहायला शिकवणार, पण काठावरून," जाऊबाई म्हणाल्या.

"बुडाल्या तर ओरडेन," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "उजव्या कोपऱ्यात खाली पंख्यासारखं चित्र दिसतंय? ते दाबा. उजव्या म्हटलं मी. हां. आता आमचं नाव. आता नियमांचं पान उघडेल, ते वाचा आणि खालचं 'मान्य' दाबा."

कटिंगबाईंनी नियम खरंच वाचले. एकेक ओळ, बोट ठेवून.

"अगं, दाब ना!" जाऊबाई म्हणाल्या.

"मान्य म्हणायचं तर वाचायला नको?"

ग्रंथपालबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "इतकी वर्षं इथे आहे, पण ते पान वाचणारं माणूस आज बघितलं."

लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली होती, त्यामुळे प्लगजवळ बसणं भाग होतं. प्लग एकच, वाचनकक्षाच्या भिंतीला. तिथलं टेबल आणि मासिकांची रॅक यांच्यात वाट इतकी अरुंद की कुणाला आत जायचं झालं तर खुर्चीवरच्या माणसाने उठून उभं राहायचं. समोर पेपरवाले काका बसले होते. निवृत्त माणूस, घरी पेपर येत असूनही इथे येऊन सगळे पेपर वाचायचे, आणि प्रत्येक पेपर संपला की तो रॅकवर ठेवून दुसरा आणायचे.

कटिंगबाईंनी फाईल निवडली, मनात नाम घेतलं आणि 'पाठवा' दाबलं. पडद्यावर एक रिकामी पट्टी आली आणि तिच्या डाव्या टोकाला निळा रंग चढू लागला. गोगलगाय परवडली, असा वेग.

"चाललंय का?" जाऊबाईंनी कुजबुजत विचारलं. जाऊबाईंची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

"चाललंय."

थोड्या वेळाने काका उठले. कटिंगबाईंनी त्यांना वाट दिली, परत बसल्या. पट्टी गेली होती. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नियमांचं पान पुन्हा आलं; या वेळी त्यांनी न वाचता 'मान्य' दाबलं आणि त्याबद्दल मनातल्या मनात वाईट वाटून घेतलं. निळा रंग पुन्हा डाव्या टोकापासून निघाला.

दुपारभर हेच. पट्टी कधी चतकोर भरायची, एकदा तर अर्ध्याच्या पुढे गेली, आणि मग एकदम सगळं मुसळ केरात. जाऊबाई दोनदा काउंटरवर जाऊन आल्या.

"तुमच्या इंटरनेटला उचकी लागलीय."

"आमचं व्यवस्थित आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बाकी सगळ्यांचं चालू आहे. तुमच्या मशीनमध्ये काहीतरी असेल."

"मशीन आमच्या लेकीचं आहे!"

"मी कुठे लेकीला काही म्हटलं?"

इकडे काकांनी पुन्हा पेपर खाली ठेवला आणि घसा खाकरला. कटिंगबाई उठल्या.

"माफ करा हं," काका म्हणाले. "तुमची आज कवायतच झाली. मी म्हणतो, मीच तुमच्या जागी बसतो आणि तुम्ही माझ्या."

"मग प्लग कसा पोचणार?" कटिंगबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही वाचा हो. माझं काय, उठायचं आणि बसायचं."

त्याच वेळी ग्रंथपालबाई मासिकं लावत तिथवर आल्या होत्या. त्या थांबल्या. हातातली मासिकं तशीच धरून त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काही नाही. यांना वाट दिली."

"त्याच्या आधी. हे झाकलंत?"

कटिंगबाईंनी लॅपटॉपकडे पाहिलं. तो मिटलेला होता, आणि त्यांचा हात अजून त्याच्यावरच होता. "झाकलं. म्हणजे, उठताना मशीन उघडं कसं टाकायचं? आमच्या कारखान्यात कडक शिस्त होती. जागा सोडायची तर आधी झाकण घालायचं, मगच उठायचं. उघड्या मशीनवर एकदा कुणाचा चहा सांडला आणि सगळं कापड..." बोलता बोलता त्या थांबल्या. ग्रंथपालबाईंचा चेहराच तसा झाला होता.

"अहो, हे झाकलं की झोपतं. झोपलं की इंटरनेट सुटतं. आणि तुमचं पाठवणं पुन्हा पहिल्यापासून."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. त्याचा आवाज अख्ख्या वाचनकक्षात गेला.

"म्हणजे दुपारभर तू त्याला झोपवत होतीस आणि मी त्यांच्याशी भांडत होते?"

"दोनदाच भांडलात," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

कटिंगबाईंना हसू आलं नाही. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं होतं. "आता उघडं ठेवलं तर? बंद व्हायच्या आत जाईल?"

ग्रंथपालबाईंनी फाईल केवढी ते विचारलं. कटिंगबाईंनी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. ग्रंथपालबाईंनी मान हलवली. "संध्याकाळी शाळा-कॉलेजची मुलं आली की वेग अजून कमी होतो. नाही जाणार. आणि मला मेन स्विच बंद करून किल्ली पहारेकऱ्याच्या हातात द्यावी लागते. एरवी बसू दिलं असतं हो, पण ते माझ्या हातात नाही. फाईल लहान असती तर गेली असती."

"प्रस्तावना," जाऊबाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या. "ती काढता येते का? काढा ती. माझं काय मेलं, घरी पुन्हा म्हणून दाखवीन."

पण व्हिडिओतून तुकडा कसा काढायचा हे कुणालाच येत नव्हतं. लेकीला फोन लावला, तर तो बंद. ती कामावर असली की फोन कपाटात असायचा. काकांनी सुचवलं की कुणाच्या तरी घरी जाऊन बघा. पण कुणाच्या घरी, आणि तिथे पोचून पुन्हा हेच सगळं मांडायचं कधी? कटिंगबाई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांच्या मनात रागही नव्हता की रडू नव्हतं. त्यांना फक्त उद्याची सकाळ दिसत होती. शेजारणीची चेन, परवाची पँट, आणि पुढे त्याच्यामागे लागलेली अशीच रांग. अखंड कापडावर कात्री चालवणं आता देवापुढे मन भटकेल तेवढ्यापुरतंच राहायचं.

मग त्यांची नजर रॅकच्या तळाशी गेली. तिथे सुतळीने बांधलेले जुने पेपर होते.

"ते काय आहे?"

"रद्दी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "उद्या जाणार."

"त्यातले थोडे घेऊ?"

"घ्या. कशाला?"

"बाही कापते," कटिंगबाई म्हणाल्या. "इथेच. याला कॅमेरा आहे, लेकीने सुट्टीत दाखवला होता. छोटासाच व्हिडिओ काढायचा. तो जाईल ना?"

"हा कॅमेरा साधा आहे. चित्र मळकट येईल."

"पण जाईल?"

"मळकट म्हणजे हलकं. लहान असेल तर जाईल." ग्रंथपालबाई जरा घुटमळल्या. "पण बाई, हा वाचनकक्ष आहे. इथे बोलता येणार नाही. तुम्ही शिकवणार कशा?"

"बोलायचं नाही ना? मग नाही बोलत."

"आणि यांचं काय?" ग्रंथपालबाईंनी जाऊबाईंकडे मान केली.

"मी?" जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडाला तुम्हीच शिक्का मारा, म्हणजे झालं."

टेबल रिकामं झालं. काकांनी आपले पेपर उचलले आणि लॅपटॉप धरायचं काम आपण होऊन मागून घेतलं. "माझा हात थरथरत नाही," ते म्हणाले, "आणि मला कुठला नियम नाही." ग्रंथपालबाईंनी काठावरून, हात पाठीमागे बांधून, कॅमेरा कसा सुरू करायचा ते सांगितलं. कटिंगबाईंच्या पिशवीत टेप, टाचण्या, पेन्सिल आणि कात्री असायचीच. बाकीच्या बायका जसा रुमाल घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, तशा त्या कात्रीशिवाय पडत नसत.

त्यांनी पेपर टेबलावर पसरला, तळहाताने एकदा सपाट केला आणि डोळे क्षणभर मिटले. मग काकांना मान हलवून खूण केली.

पेपर मधोमध दुमडला. टेप लावली, बाहीची उंची, दंडाचा घेर, खुणा. पेन्सिलीने वरची गोलाई काढली आणि कात्री चालवली. त्या शांततेत कागद कापल्याचा लांब आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पलीकडच्या टेबलावरच्या एकाने पुस्तक खाली ठेवलं. कटिंगबाईंनी घडी उलगडली. दोन्ही बाजू अगदी सारख्या, बघायला देखणी बाही. त्यांनी ती जाऊबाईंच्या दंडाभोवती गुंडाळली आणि खांद्याला टाचण्यांनी लावली. काकांनी लॅपटॉप वळवला. जाऊबाईंनी हात पुढे केला, तशा काखेच्या पुढच्या बाजूला कागदाच्या चुण्या पडल्या. जाऊबाईंनी त्या चुण्यांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि असं काही तोंड वाकडं केलं, जणू कडू काढाच घेतला. बोट चुण्यांवर ठेवलं. नंतर दुसऱ्या हाताने 'काय हे?' अशी खूण केली. शब्द एकही नाही.

कटिंगबाईंनी टाचण्या काढल्या. बाही पुन्हा टेबलावर ठेवली. या वेळी फक्त पुढच्या अर्ध्या भागावर पेन्सिलीने पहिल्या रेषेच्या जरा आत दुसरी गोलाई काढली. मागच्या भागावर हात आडवा ठेवून, इथे नाही, असं मानेने सांगितलं. पुढचा मुंढा, म्हणजे काखेकडची गोलाई, थोडा खोल कापला. चंद्रकोरीसारखी एक बारीक चिंधी सुटून टेबलावर पडली. त्यांनी ती चिमटीत धरून कॅमेऱ्यासमोर नेली आणि क्षणभर तशीच धरली. सगळा फरक तेवढ्या चिंधीचा होता.

बाही पुन्हा जाऊबाईंच्या खांद्याला लागली. जाऊबाईंनी हात पुढे केला. कागद सपाट राहिला. हात वर केला, बाजूला नेला, आणि मग गरज नसताना एखाद्या राणीसारखा हलवलाही. चुणी नाही. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हलकेच टाळी वाजवली आणि ग्रंथपालबाईंनी तिकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तेही व्हिडिओत आलं असणार.

"झालं," कटिंगबाई ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या. काकांनी बटण दाबलं.

फाईल खरंच हलकी निघाली. 'पाठवा' दाबल्यावर निळा रंग जरा बरा सरकू लागला. आता उठायचं नव्हतं. काका उभ्यानेच पेपर वाचत राहिले आणि रॅककडे फिरकले नाहीत. शाळेची एक पोरगी मासिक घ्यायला आली, तिला जाऊबाईंनी हातानेच थांबवलं आणि कुठलं मासिक हवं ते नजरेने विचारून रॅकवरून काढून दिलं. कटिंगबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मनात नाम सुरू होतं, पण नजर पट्टीवरून हलत नव्हती, आणि यासाठी त्यांनी त्या दिवशी क्षमा मागितली नाही.

घंटा झाली. माणसं उठू लागली. ग्रंथपालबाईंनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, एकेक दिवा मालवत आल्या आणि शेवटी मेन स्विचच्या पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहारेकरी दारात आला होता.

"मॅडम, किल्ली?"

"देते. चष्मा कुठे ठेवला, बघते जरा."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. पहारेकऱ्याला तो दिसत होता. त्याने एकदा चष्म्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या बायकांकडे, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

पट्टी भरली. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर अक्षरं आली, आपला अर्ज मिळाला.

"मिळाला," कटिंगबाई म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मिळाला हो!"

"हा बघा, सापडला," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि स्विच खाली केला.

पुढच्या आठवड्यात शिक्षणकेंद्राच्या संचालिकाबाईंचा फोन आला. जाऊबाई शेजारी बसून होत्या, म्हणून कटिंगबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला. संचालिकाबाईंनी आधी विचारलं की व्हिडिओत कुणी बोलत का नाही. कटिंगबाईंनी घडलं ते सगळं सांगितलं, मशीन झाकल्याचंसुद्धा. पलीकडे त्या मनमुराद हसल्या. मग म्हणाल्या की चित्र फारच मळकट होतं, निवड समितीतल्या एकांचं तर म्हणणं होतं की हा अर्ज बाजूला ठेवावा. पण बघता बघता दुसऱ्या बाईंनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, हात पुढे केला, आणि तिथे चुणी होती. मग सगळ्यांनीच आपापल्या बाह्या बघितल्या.

"तर सोमवारपासून या," संचालिकाबाई म्हणाल्या. "बायका नवशिक्या आहेत, सांभाळून घ्या."

जाऊबाईंनी कटिंगबाईंच्या पाठीवर थाप मारली. कटिंगबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज नेहमीसारखाच हळू आणि सरळ.

"येते. एक विचारू का? वर्गात कुणी डावखुरी आहे?"

"अं? आहे वाटतं एक. का हो?"

"मग तिला माझ्या शेजारी नका बसवू. समोर बसवा. समोर बसली की माझा उजवा हात तिला तिच्या डाव्यासारखा दिसेल, आणि कात्री मात्र तिच्यासाठी वेगळी मागवावी लागेल. ती आधी मागवा."